पाण्यावरची वाट

आजोबा पहाटे होडीवर निघाले की ते परत येईपर्यंत आमचं आंगण झाडलं जायचं नाही. घरातला माणूस बाहेर पडल्याबरोबर केर काढू नये, हे बहुतेक घरांत पाळतात. घटकाभर थांबतात आणि मग झाडू घेतात. आजीची घटका मात्र आजोबांच्या डोलीच्या जाळ्याएवढी लांब असायची. कधी ते दुपारी परतत, कधी दुसऱ्या दिवशी. उधाणाच्या दिवसांत तर विचारायलाच नको. तोवर माडाची झावळी पडो, बदामाची पानं पडोत, कोंबड्या काहीही करोत, आजी पडवीच्या आत झाडायची आणि उंबऱ्याशी थांबायची.

शेणानं सारवलेलं आंगण पहाटेच्या दवानं मऊ झालेलं असे. त्यावर आजोबांची पावलं उमटत. दोरखंडात सापडून त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा तरुणपणीच बाहेरच्या बाजूला वळला होता, त्यामुळे घरातल्या दहा पावलांत त्यांचं पाऊल मला ओळखू यायचं. तुळशीपासून फाटकापर्यंत अकरा पावलं. फाटकापलीकडे वाळू, आणि वाळूपलीकडे तर काहीच नाही. मी लहान असताना एकदा हौसेनं झाडू घेऊन आंगणात उतरले, तेव्हा आजीनं तो हातातून काढून घेतला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याची पावलां हायेत अजून. त्यो येल, मंग झारू."

आमचं गाव नवगाव, अलिबागच्या उत्तरेला. किनाऱ्यावर उभं राहिलं की डावीकडे कुलाब्याचा किल्ला आणि उजवीकडे थळच्या समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. आमच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातलं, कुटुंब होतं. शनिवारी ज्यांचा तेलाचा घाणा बंद असे, म्हणून ज्यांना सगळा कुलाबा जिल्हा 'शनिवार तेली' म्हणत आला, त्यांतलं. त्या घरातली बाई आजीची मैत्रीण. माझ्या आईचं लग्न होऊन ती या घरात येण्याआधीच ते कुटुंब इस्राएलला गेलं. जाताना भांडी-पाटे वाटून टाकले आणि आमच्या घरात एक जाड पुस्तक ठेवलं. खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांच्यातल्या कोणाला तरी मिशनच्या शाळेत बक्षीस मिळालेलं. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं ते देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलं आणि तिथेच ते राहिलं.

त्यातला जुना करार मी दहावीच्या सुट्टीत वाचायला घेतला. वाचायला दुसरं काही नव्हतं, हे एक कारण. वंशावळ्या ओलांडल्या, युद्धं ओलांडली, आणि नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायाशी थांबले. एकतीस अध्यायांच्या पुस्तकातला हा शेवटून दुसरा अध्याय, अवघ्या तेहतीस वचनांचा. त्याआधीची बरीचशी सूत्रं शलमोनाच्या नावावर आहेत, आणि ती राजाला शोभतील अशी आहेत: शहाणा असा वागतो, मूर्ख तसा वागतो. इथे अचानक दुसराच माणूस बोलू लागतो. याकेचा मुलगा आगूर. त्याच्याविषयी या नावापलीकडे शास्त्रात काही नाही. आणि तो सुरुवातच अशी करतो, की मी माणसापेक्षा जनावराच्या जवळचा आहे, माणसाला असावी ती समज मला नाही, मी शहाणपण शिकलेलो नाही.

शहाणपणाच्या पुस्तकात येऊन असं सांगणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला. पुढे तो विचारतो: वारा आपल्या मुठीत कोणी धरला? पाणी वस्त्रात कोणी बांधलं? पृथ्वीच्या सीमा कोणी ठरवल्या? त्याचं नाव काय, त्याच्या मुलाचं नाव काय, ठाऊक असेल तर सांग. पाणी वस्त्रात बांधण्याची कल्पना मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. आम्ही बांधतो ते धोतराच्या सोग्यात तांदूळ, ओच्यात कैऱ्या, फडक्यात सुकट. ज्याच्या ओच्यात अख्खा समुद्र मावतो तो कोण, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर बसून वाचताना पुस्तकातला राहत नाही. आषाढातला पाण्याचा तो काळा फुगवटा समोर असतो, आणि कोणाच्या तरी गाठीनं तो अडवून धरला आहे असं खरंच वाटतं.

मग आगूर देवाकडे मागणं मागतो. खोटेपणा माझ्यापासून दूर ठेव, आणि मला दारिद्र्यही देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको. माझ्या वाट्याची भाकर तेवढी दे. पोट फार भरलं तर मी 'परमेश्वर कोण?' असं विचारीन, आणि उपाशी राहिलो तर चोरी करीन. स्वतःच्या सद्गुणावर भरवसा न ठेवता, आपण कशानं बिघडू शकतो हे ओळखून केलेली अशी प्रार्थना मी दुसरीकडे वाचलेली नाही. आजोबांना ती पटली असती. पापलेटांनी होडी भरून आली तरी त्या रात्री घरात जवळाच शिजायचा, असा त्यांचा नेमच होता.

अध्यायात पुढे 'दे, दे' म्हणणाऱ्या जळवेच्या दोन मुली आहेत, राजवाड्यात शिरणारी पाल आहे, उन्हाळ्यात अन्न साठवणाऱ्या मुंग्या आहेत. कधीच 'पुरे' न म्हणणाऱ्या चार गोष्टींमध्ये पाण्यानं न निवणारी जमीन आहे. ही ओळ वाचून कोकणातल्या कोणाही माणसाला आपली विहीर आठवेल. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पिऊन एप्रिलात तळ दाखवणारी. पण मी ज्यासाठी पुन्हापुन्हा त्या पानाशी जाते, ती अठरावी आणि एकोणिसावी वचनं. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी:

तीन गोष्टी माझ्या आवाक्याबाहेरच्या अद्भुत आहेत, चार म्हणा, ज्या मला उमगत नाहीत: आकाशातली गरुडाची वाट, खडकावरची सापाची वाट, समुद्राच्या काळजातली गलबताची वाट, आणि तरुणीपाशी जाणारी पुरुषाची वाट.

'तीन, नव्हे चार' ही हिब्रू कवितेची जुनी लकब. आपल्याकडे कोडं घालणारा जसा शेवटचं पद मुद्दाम मागे ठेवतो, तशी. पहिली तीन पदं चौथ्याकडे नेतात. आणि चारही ठिकाणी शब्द एकच आहे, देरेख. त्याचा अर्थ वाट, आणि चालण्याची रीतही. अनेक वर्षांनी मी हे शब्द एकेक करून समजून घेतले, तेव्हा कळलं की 'समुद्राच्या मध्यभागी' असं जिथे सहज वाचून पुढे जातो, तिथे मुळात 'लेव याम' आहे, समुद्राचं हृदय. आमच्या मराठीला हे परकं नाही. खोल पाण्यात होडी गेली की किनाऱ्यावरच्या बायका कोणत्या काळजाकडे बघत बसतात, ते मी पाहिलं आहे.

मराठीत आणखी एक गंमत आहे, जी त्या हिब्रू शब्दात नाही. आपण थांबत नाही, आपण 'वाट पाहतो'. येणारा माणूस दिसत नसतो, म्हणून तो ज्यावरून येईल ती वाट पाहतो. डोंगरातल्या बाईला निदान पायवाट असते पाहायला. आजीसमोर पाणी होतं. तिनं पन्नासहून अधिक वर्षं वाट पाहिली, आणि जिथे पाहिली तिथे वाट नव्हती.

आगूरच्या पहिल्या पदातल्या पक्ष्याला हिब्रूत नेशेर म्हणतात. मराठीत गरुड. पण मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात, शोक करताना नेशेरासारखं टक्कल कर, असं सांगितलं आहे. गरुडाला टक्कल नसतं. म्हणून बऱ्याच जाणकारांना वाटतं की नेशेर म्हणजे मोठं गिधाड असावं. हे वाचून माझा विरस होईल असं मला वाटलं होतं, झाला उलटाच परिणाम. गिधाड उडताना पंख क्वचितच हलवतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर ते पंख पसरून नुसतं बसतं आणि चक्राकार वर जातं, एका वाफेवरून दुसऱ्या वाफेवर. त्याची वाट हवेचीच असते. आपल्याला दिसत नाही एवढंच.

म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडांची घरटी आहेत. तिथे मी एका फेब्रुवारीत गेले होते. उंच झाडावर काटक्यांचा ढीग, त्यावर वाकलेली एक मान. एवढंच दिसलं, पण बराच वेळ हललेच नाही. आजीच्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात आकाश भरून जायचं, असं ती सांगायची. नव्वदच्या दशकात ही गिधाडं झपाट्यानं मरू लागली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त गेली. 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. आगूरला आकाशातली वाट समजत नव्हती. आमच्या पिढीनं त्या वाटेवरचा पक्षीच जवळजवळ संपवला, आणि आकाशावर त्याचीही काही खूण नाही.

खडकावरचा साप मला राजापूर तालुक्यात भेटला. नोकरीची पहिली सहा वर्षं मी तिथे शिकवायला होते. गावातून शाळेत जायला सड्यावरून जवळची वाट. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरलेलं आणि एरवी तव्यासारखं. याच तालुक्याच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. माणसं, मासे, जनावरं, आणि कशाचे आहेत ते न कळणारे चौकोन, सगळे कातळात कोरलेले. हजारो वर्षांपूर्वी कोणी कोरले, कशासाठी कोरले, ठाऊक नाही. 2022 साली कोकणातल्या या शिल्पांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. मी तिथे होते तेव्हा त्यावर गुरं चरत.

ऑक्टोबरातली सकाळ होती. ऊन कोवळं होतं. एका कोरलेल्या आकृतीच्या कडेला मला करकर ऐकू आली, कोरडं पान चुरगाळावं तशी. फुरसं होतं. वीतभर-दीड वीत लांबीचं, मातकट, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून तो आवाज करणारं. मी जागच्या जागी उभी राहिले. ते थांबलं, मग वाकडं-तिकडं, अंग आडवं टाकत चालू लागलं. कोरलेल्या रेषेत उतरलं, वर आलं, पलीकडे गेलं आणि एका कपारीत नाहीसं झालं. वाळूवर फुरशाच्या चालीचे तिरके पट्टे राहतात. इथे कातळावर बघितलं तर काही म्हणजे काही नव्हतं. हजारो वर्षांमागच्या हाताची खूण माझ्या पायाशी होती, आणि अर्ध्या मिनिटापूर्वी समोरून गेलेल्या प्राण्याची नव्हती. पाय नसताना, पंख नसताना ते गेलं कसं, हेही मला सांगता आलं नसतं. 'अद्भुत' हा शब्द आगूरनं का वापरला, ते मला त्या सड्यावर पटलं. तोंडाला कोरड पडली होती, तरी तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

आणि समुद्राच्या काळजातली होडी.

आजोबा तांडेल होते, होडीचे म्होरके. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, खुणा होत्या. कनकेश्वराच्या डोंगराचा खांदा आणि किनाऱ्यावरचा माडांचा एक झुबका एका रेषेत आला, आणि खांदेरी अमुक एका कोनात दिसू लागली, की खाली त्यांचा डोलीचा खुंटा. धुक्यात डोंगर दिसेनासा झाला तर दोरीला बांधलेलं शिशाचं वजन सोडून खोली वावांत मोजायची, आणि वजनाला चिकटून आलेला चिखल बोटांवर घेऊन बघायचा. रेव आहे की गाळ, गाळ असला तर कुठला. त्या चिखलाचा ते वास घेत. मला दोनदा त्यांनी तो हुंगायला दिला. मला दोन्ही सारखेच वाटले आणि ते हसले.

आता माझ्या चुलतभावाचा मुलगा होडी चालवतो. जीपीएस आहे. जूनच्या 1 तारखेपासून जुलैच्या 31 पर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत होडी ओढून वर घेतलेली असताना त्यानं मला पडद्यावर एक रेषा दाखवली. "आत्या, ही बघ. परवाच्या शेवटच्या खेपेची वाट." निळ्यावर बारीक पिवळी रेघ, किनाऱ्यापासून निघून आत गेलेली, एका ठिकाणी गाठ मारल्यासारखी वेढे घेतलेली आणि परतलेली. मी ती बराच वेळ बघत राहिले. मनात आलं, आगूरची एक गोष्ट तर समजली म्हणायची. समुद्रानं जी पुसली ती वाट उपग्रहानं राखून ठेवली.

मग त्याला विचारलं, इथे ही गाठ कसली? म्हणाला, पाणी फिरलं होतं, वारा पडला होता, जाळं अडकल्यासारखं वाटलं, बाबांनी सांगितलेलं आठवलं म्हणून होडीची नाळ वळवली. कुठे गेलो ते त्या रेघेत होतं. पाणी फिरलं हे हाताला कसं कळलं, ते नव्हतं. देरेख या शब्दाचा दुसरा अर्थ, रीत, पडद्यावर उमटला नव्हता. त्या पोरानं ती रीत पणजोबांकडून आजोबांकडे आणि आजोबांकडून बापाकडे अशी आलेली घेतली आहे, आणि आम्ही कोणीच ती लिहून काढू शकणार नाही.

अशीच एक रीत आमच्या शेजाऱ्यांची होती. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत याच नवगावच्या समोर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जे बुडाले त्यांना इथेच किनाऱ्याजवळ पुरलं. ते दफनस्थान आणि तिथलं स्मारक आजही आहे. सगळी पुस्तकं पाण्यात गेली. शास्त्र गेलं, भाषा हळूहळू गेली, नावांपुढे गावांची नावं लागली, रोह्याचे रोहेकर झाले, पेणचे पेणकर. उरलं ते एवढंच: शनिवारी घाणा बंद, मुलांची सुंता, आणि 'ऐक, हे इस्राएला' हे शेमा या यहुदी प्रार्थनेचं वचन, जे लग्नातही म्हणायचं आणि मरणातही. पुढे दावीद राहबी नावाचा परदेशी यहुदी इथे आला. हे लोक आपल्यातलेच का, हे त्याला पाहायचं होतं. कथा अशी आहे की त्यानं तिथल्या बायकांपुढे मासे ठेवले. बायकांनी खवल्याचे आणि बिनखवल्याचे वेगळे केले. खवलं आणि पर नसलेला मासा मोशेच्या नियमात वर्ज्य. तो नियम कुठे लिहिला आहे हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. हाताला ठाऊक होता.

बाजारात टोपलीपुढे बसलेल्या कोणत्याही कोळणीचे हात बघताना मला ही गोष्ट आठवते. पापलेट इकडे, मांदेली इकडे, वाम तिकडे. डोळे गिऱ्हाइकाकडे आणि बोटं आपलं काम करताहेत. त्या गलबताची वाट पाण्यावर कुठेच नाही. पण ते आलं होतं याचा पुरावा काही बायकांच्या बोटांत होता.

ती मंडळी इस्राएलला जायला निघाली, तेव्हा आजीनं त्यांच्या आंगणाला तीन दिवस झाडू लागू दिला नाही, असं माझी आत्या सांगते. घर विकत घेतलेला माणूस कुरकुरला म्हणे.

चौथं पद राहिलं. लगेच पुढच्या वचनात व्यभिचारिणीची वाट येते. ती खाते, तोंड पुसते आणि म्हणते, मी काही वाईट केलं नाही. यावरून काही भाष्यकार म्हणतात की चारही पदांचा मुद्दा एकच, खूण न राहणं, आणि चौथं पदसुद्धा छुप्या संबंधांविषयीचा इशाराच आहे. मला हे पटत नाही. आगूरनं इशारा द्यायचा तेव्हा अगदी सरळ दिला आहे. इथे तो 'माझ्या आवाक्याबाहेरचं अद्भुत' म्हणतो आहे, आणि गिधाडाविषयी, सापाविषयी कोणी तशा सुरात इशारा देत नाही. एक पुरुष आणि एक तरुण मुलगी एकमेकांकडे कशी जातात, कुठल्या हवेवर चढतात, कुठल्या खुणा एका रेषेत येतात, हे त्याला कळलं नाही आणि त्यानं तसं म्हटलं. त्यापुढच्या वचनाला त्यानं तोंड पुसणारी बाई आणली, कारण तीच वाट नासूही शकते हेही त्याला दिसत होतं.

आजी-आजोबांना मी एकमेकांशी फारसं बोलताना ऐकलं नाही. ते तिला नावानं हाक मारत नसत, दारात येऊन खाकरत. ती त्यांच्या ताटात बोंबील आधी आणि भात नंतर वाढायची. बाकी सगळ्यांना उलट. का, ते कोणालाच माहीत नाही. मी विचारलं तेव्हा तिलाही सांगता आलं नाही.

ती शहात्तर वर्षांची असताना मी तिला ही दोन वचनं वाचून दाखवली. ती सुकट निवडत होती. मी सावकाश, तिला समजेल असं वाचलं, गिधाड, साप, होडी, आणि चौथं. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याला चार कलल्या नाय? मना एकूच नाय कलली." कुठली, विचारलं, तर सूप पाखडायला उठून गेली.

आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले, घरातच, भांगाच्या दिवसांत, समुद्र अगदी शांत असताना. सकाळी त्यांना नेलं. माणूस शेवटचा बाहेर पडला की मात्र घर लगेच झाडून काढतात. शेजारणींपैकी एकीनं झाडू उचलला. आजीनं तो तिच्या हातातून घेतला. मागच्या दारापासून सुरुवात केली, माजघर झाडलं, पडवी झाडली आणि उंबऱ्याशी क्षणभर थांबली. मग आंगणात उतरली. तुळशीपासून फाटकापर्यंत, वाकून, एकाही पानाला न चुकता झाडत गेली. फाटक उघडं होतं. केर बाहेर लोटून ती तिथेच उभी राहिली, झाडू हातात धरून, समोर पाहत.